बॅलड म्हणजे नेमकं काय? गाऊन सांगायच्या गोष्टीबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे : बॅलड हा कवितेचा प्रकार की गाण्याचा? पाठ्यपुस्तकात त्याची ओळख चार ओळींच्या कडव्यावरून करून देतात, गाण्यांच्या दुनियेत कुठल्याही संथ, हळव्या प्रेमगीताला बॅलड म्हणतात आणि आपल्याकडे पोवाडा म्हणजेच बॅलड असं सर्रास सांगितलं जातं. यातलं खरं काय, आणि या तिन्हींत काही समान धागा आहे का?

मी ही गाणी बरीच वर्षं गातो आणि शिकवतो, त्यामुळे उत्तरही गाणाऱ्याच्या बाजूने देतो. बॅलड म्हणजे गाऊन सांगितलेली गोष्ट. त्यात एखादी घटना असते, ती छोट्या छोट्या कडव्यांत सांगितलेली असते, प्रत्येक कडव्याला तीच चाल असते आणि सांगणारा स्वतः मध्ये येत नाही. व्याख्या म्हणून एवढं पुरेल. पण बॅलड ओळखायची माझी खूण वेगळी आहे. त्यात काय सांगितलंय यापेक्षा काय गाळलंय ते मी आधी बघतो. चांगलं बॅलड ऐन मोक्याची जागा मोकळी सोडतं आणि ती भरायचं काम ऐकणाऱ्यावर टाकतं. कविता की गाणं, या वादाचं उत्तरही मला तिथेच सापडतं.

नुसतं म्हणून हे पटणार नाही, म्हणून स्कॉटलंडचं 'सर पॅट्रिक स्पेन्स' घेऊ. थॉमस पर्सी या धर्मगुरूने १७६५ साली जुन्या कवितांचा जो संग्रह छापला, त्यात ते अवघ्या अकरा कडव्यांचं आहे. डनफर्मलिनमध्ये राजा बसलाय, रक्तासारखी लाल वाइन पितोय. विचारतो, माझं जहाज न्यायला चांगला खलाशी कुठे मिळेल? राजाच्या उजव्या गुडघ्याशी बसलेला एक म्हातारा सरदार पॅट्रिकचं नाव सुचवतो. राजा पत्र लिहून सही करतो. लगेच आपण समुद्रकाठी, पॅट्रिक वाळूवर फिरतोय. पत्राची पहिली ओळ वाचून तो मोठ्याने हसतो, पुढची वाचता वाचता त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. वर्षाच्या या दिवसांत मला समुद्रावर धाडायचं हे काम कुणी केलं, एवढंच तो विचारतो. आणि दुसऱ्या श्वासाला आपल्या माणसांना सांगतो, चला, सकाळी निघायचंय. एक खलाशी म्हणतो, मालक, काल रात्री मी नवी चंद्रकोर पाहिली, तिच्या कुशीत जुना चंद्र होता, आपलं काही खरं नाही. पुढचं कडवं असं : आमच्या सरदारांना आपले बुचाच्या टाचांचे जोडे ओले करायचे नव्हते, पण खेळ आटोपायच्या आत त्यांच्या टोप्या पाण्यावर तरंगत होत्या.

झालं. वादळ नाही, फुटलेलं शीड नाही, बुडणाऱ्यांचा आकांत नाही. जोडे आणि टोप्या, एवढंच. जोड्यांपासून टोप्यांपर्यंत जेवढं अंतर, तेवढ्यात अख्खं जहाज बुडालं आणि ते आपण आपल्या मनात बुडवलं. त्यानंतर मात्र गाणं रेंगाळतं. हातात पंखे घेऊन, केसांत सोन्याचे कंगवे खोवून बायका वाट बघत बसल्यात, आणि त्यासाठी गाण्याने दोन कडवी दिलीत. शेवटी अ‍ॅबरडूरच्या वाटेवर, अर्ध्यात, पन्नास वाव पाण्याखाली पॅट्रिक निजलाय आणि सरदार त्याच्या पायाशी. सुरुवातीला सरदार राजाच्या गुडघ्याशी होता, शेवटी सगळे सरदार एका खलाशाच्या पायाशी आहेत. याबद्दल गाणं चकार शब्द काढत नाही. पत्रात काय होतं, जहाज कुठे चाललं होतं, त्या म्हाताऱ्याने वैर साधलं की भाबडेपणाने नाव घेतलं, यातलं काही आपल्याला कळत नाही. याच गाण्याचे लांब पाठही आहेत. स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटने छापलेल्या पाठात जहाज नॉर्वेला जातं, तिथे भांडण होतं, परतीचं वादळही सविस्तर आहे. माहिती जास्त मिळते, पण मला विचाराल तर धार कमी होते.

फ्रान्सिस गमियर या अमेरिकन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पद्धतीचं वर्णन उडी मारणं आणि रेंगाळणं असं केलं होतं. बॅलड एका प्रसंगावरून दुसऱ्यावर उडी मारतं, मधले दुवे टाकून देतं, आणि मग एखाद्या चित्रापाशी हटून बसतं. ही कुणा एका कवीची शैली म्हणून ठरवलेली गोष्ट नाही. तोंडी चालत आलेल्या गाण्यातून पिढ्यांमागून पिढ्या जे लक्षात राहत नाही ते गळून पडतं. दुवे, कारणं, वर्णनं आधी गळतात. चित्रं आणि माणसांच्या तोंडची वाक्यं टिकतात. मला स्वतःलाही एखादं लांब बॅलड बऱ्याच दिवसांनी आठवायला गेलं की आधी संवाद आठवतात, बाकीचं मागाहून येतं.

संवादावरून 'लॉर्ड रँडल' घ्यायलाच हवं, कारण ते पहिल्यापासून शेवटपर्यंत निव्वळ आई-मुलाचं बोलणं आहे. आई विचारते, बाळा, कुठे गेला होतास? तो म्हणतो, रानात गेलो होतो. आई, माझं अंथरूण घाल, शिकारीने दमलोय, आडवं व्हायचंय. जेवलास कुठे? माझ्या प्रियेकडे, आई, अंथरूण घाल, दमलोय. काय जेवलास? रश्शात शिजवलेले वाम मासे. आई, अंथरूण घाल, दमलोय. तुझे शिकारी कुत्रे कुठे आहेत? ते फुगले आणि मेले. आई, अंथरूण घाल. मग आई म्हणते, मला भीती वाटते रे, तुला विष दिलंय. आणि तो म्हणतो, हो, मला विष दिलंय. आई, माझं अंथरूण घाल, काळजात कळ येतेय, आडवं व्हायचंय. कडव्यामागून कडवं तेच पालुपद ऐकून आपण त्याला सरावतो, ते कानाआड करायला लागतो. अन् नेमकं तिथे दोन-तीन शब्द बदलतात. ज्या अंथरुणाकडे आपलं लक्ष नव्हतं ते मरणाचं अंथरूण होतं, हे आपल्याला आईबरोबर कळतं. गमियरनेच या क्लृप्तीला वाढत जाणारी पुनरुक्ती म्हटलं. नुसती पुनरुक्ती झोप आणते. ही एकेक पायरी खाली नेते.

हीच गोष्ट इटालियनमध्येही आहे, आणि व्हेरोना शहरात १६२९ साली छापलेल्या मजकुरात तिचा उल्लेख मिळतो. १९६२ साली बॉब डिलनने 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' लिहिलं तेव्हा साचा हाच घेतला, कुठे होतास, काय पाहिलंस, काय ऐकलंस. आशय पूर्ण वेगळा आहे, पण प्रश्नांची चौकट इतकी पक्की आहे की तिने तोही भार पेलला.

आता छंदाबद्दल, कारण परीक्षेत हेच विचारतात. इंग्रजी बॅलडचं रूढ कडवं चार ओळींचं. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत चार आघात (म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या जागा), दुसऱ्या आणि चौथीत तीन, यमक फक्त दुसऱ्या-चौथीचं. कागदावर ही नुसती आकडेमोड वाटते. गाऊन बघितलं की वेगळं दिसतं : चालीला प्रत्येक ओळीत चारच ठोके असतात. तीन आघातांच्या ओळीत चौथा ठोका रिकामा जातो. तिथे गाणारा सूर लांबवतो किंवा श्वास घेतो, आणि ऐकणारा तेवढ्यात ऐकलेलं पचवतो. आपल्या ओवीचा शेवटचा चरण आखूड असतो, जात्यावर बसलेल्या बाईला तिथे दम घेता येतो, जवळजवळ तसंच. इंग्रजी चर्चगीतांपैकी पुष्कळशी याच मापाची, म्हणून त्यांच्या चाली एकमेकांवर बसतात. मात्र या कडव्यालाच बॅलड समजू नका. जुन्या बॅलड्समध्ये दोन ओळींची कडवीही आहेत, मध्ये मध्ये पालुपद येणारी. स्पेनच्या 'रोमान्से' नावाच्या कथागीतांत कडवीच नाहीत, सोळा अक्षरांच्या ओळींना एकच स्वरप्रास, म्हणजे फक्त स्वर जुळणारं यमक, शेवटपर्यंत. आणि उलट, याच चार-तीनच्या मापात अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने शेकडो कविता लिहिल्या, त्या बॅलड नाहीत, कारण त्यांत गोष्ट नाही.

नाव नाचावरून आलंय, लॅटिनमधल्या नाचण्याच्या क्रियापदावरून. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर आजही हात धरून साखळी करून, पावलांच्या ठेक्यावर शेकडो कडव्यांची बॅलड्स गातात. फ्रेंच 'बलाद' मात्र वेगळंच प्रकरण. आठ ओळींची तीन कडवी, शेवटी चार ओळींचं समर्पण आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तीच ओळ. पंधराव्या शतकात फ्रेंच कवी फ्रांस्वा व्हियोंने ते गाजवलं. नाव एका कुळातलं, घराणं निराळं, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

ही गाणी आपल्यापर्यंत कशी आली, ही हकिगत मला फार जवळची वाटते. पर्सीला त्याच्या मुख्य हस्तलिखिताचा शोध एका मित्राच्या घरी लागला. कपाटाखाली धूळ खात पडलेल्या त्या वहीची पानं मोलकरणी शेकोटी पेटवायला वापरत होत्या. त्याने ती वाचवली, हे उपकार. पण छापताना सतराव्या शतकातल्या त्या मजकुरावर त्याने अठराव्या शतकाच्या रुचीची इस्त्री फिरवली, ओळी घातल्या, कडवी रचली, आणि जोसेफ रिटसन या अभ्यासकाने त्याबद्दल त्याच्यावर कडक टीका केली. पुढे १८०२-०३मध्ये स्कॉटने स्कॉटलंड-इंग्लंडच्या सरहद्दीवरच्या बॅलड्सचा संग्रह काढला. त्याला गाणी देणाऱ्यांत कवी जेम्स हॉगची आई मार्गारेट लेडलॉ होती. हॉगने लिहून ठेवलंय की छापलेलं पुस्तक बघून आईने स्कॉटला सुनावलं : ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती; तुम्ही त्यांची जादू मोडलीत, आता ती कुणी गाणार नाही; शिवाय ती धड लिहिलेलीही नाहीत. बाईंचं भाकीत खरं ठरलं नाही, गाणं थांबलं नाही. पण बॅलड कविता की गाणं, या प्रश्नावरचं पहिलं आणि सर्वांत अधिकाराचं मत मी त्यांचंच मानतो.

अ‍ॅबरडीनच्या अ‍ॅना गॉर्डनचंही नाव घ्यायला हवं. प्राध्यापकाची मुलगी, जन्म १७४७चा. मावशी, आई आणि घरातली दाई यांच्याकडून लहानपणी ऐकलेली बॅलड्स तिला पाठ होती. तिच्याकडून उतरवून घेतलेली गाणी स्कॉटने वापरली आणि नंतरच्या संग्राहकांनीही. बॅलड म्हटलं की रणांगण आणि तलवारी डोळ्यांसमोर येतात, पण ती जपली ती मुख्यतः घरातल्या बायकांनी, आणि म्हणूनच आईने मारलेली मुलं, सावत्र नाती, परतून न आलेले नवरे, फसवलेल्या पोरी हे विषय त्यांत इतके दाट आहेत.

मग हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड. १८८२ ते १८९८ या काळात त्यांचा संग्रह भागाभागाने निघाला. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर शिष्य किट्रेज यांनी पुरा केला. त्यांनी ३०५ बॅलड्सना क्रमांक दिले, आणि मोठी गोष्ट ही की प्रत्येकाचे सापडतील तितके पाठ शेजारी शेजारी छापले. कुठला अस्सल ते ठरवून बाकीचे फेकले नाहीत. आजही गाणारे 'चाइल्ड ८४' म्हणाले की बार्बरा अ‍ॅलन समजायचं. लंडनच्या सॅम्युएल पीप्सने आपल्या प्रसिद्ध रोजनिशीत १६६६च्या जानेवारीत एका नटीच्या तोंडून हे गाणं ऐकल्याची आनंदाने नोंद केलीय. चाइल्ड यांच्या कामात एक उणीव राहिली. शब्द मुबलक, चाली फार थोड्या. ती भरून काढायला बर्ट्रंड ब्रॉन्सन या अभ्यासकाचे चालींचे चार खंड यावे लागले, १९५९ ते १९७२. त्याआधी लोकगीतं जमवणारे सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलीझ १९१६ ते १९१८ या काळात अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत फिरले आणि स्कॉटलंड-इंग्लंडहून गेलेली ही गाणी तिथल्या लोकांच्या तोंडी जिवंत सापडली, चालींसकट.

एक गैरसमज मला वारंवार भेटतो, की बॅलड म्हणजे सगळं अनामिक, तोंडी, गावठी. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत शहरांत छापील बॅलड्सचा मोठा धंदा होता. एका बाजूला छापलेला कागद, वर एखादं लाकडी ठशाचं चित्र, खाली गाणं आणि डोक्यावर सूचना, अमुक चालीवर. विकणारा रस्त्यात उभा राहून गायचा आणि गात गातच विकायचा. खून, फाशी, राक्षसी मासा, लढाई, राजाचं लग्न, काहीही चालायचं. फाशी जाणाऱ्या माणसाच्या तोंडी घातलेली निरोपाची गाणी तर हातोहात खपत. पीप्सने असे सुमारे १,८०० कागद जमवले, ते केंब्रिजमध्ये सुरक्षित आहेत. ही गाणी बोलघेवडी असतात, उपदेश करतात, गाळत काही नाहीत. मी त्यांना कमी लेखत नाही. पण एखादं छापील गाणं लोकांच्या तोंडी पडून शंभर वर्षांनी परत सापडतं तेव्हा त्याचा उपदेश झडलेला असतो आणि उरलेलं भलतंच टोकदार झालेलं असतं. तोंडी परंपरा कशी संपादन करते ते बघायचं असेल तर असे दोन पाठ शेजारी ठेवून वाचा. याच्याइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

कवींनी लिहिलेल्या बॅलड्सना लाट आली ती या संग्रहांमुळे. जर्मनीत बुर्गर या कवीचं 'लेनोरे' १७७४मध्ये छापलं गेलं, १७९८मध्ये वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज या इंग्रज कवींचा संग्रह आला आणि त्यात कोलरिजची म्हाताऱ्या खलाशाची कविता. कोलरिजने जुना छंद घेतला, पण गोष्ट एका माणसाच्या अपराधाच्या ओझ्याची केली. जुन्या बॅलडमध्ये कुणी स्वतःच्या मनात इतकं खोल उतरत नाही. जर्मन कवी गेटेचं 'एर्लक्योनिग' मला या सगळ्यांत जुन्या बॅलडच्या सर्वांत जवळचं वाटतं. रात्र, घोड्यावर बाप, कुशीत मूल, आणि मुलाला बोलावणारा एक आवाज जो बापाला ऐकू येत नाही. शेवटच्या ओळीत मूल मेलेलं. आवाज खरा की मुलाचा भास, गेटे सांगत नाही. १७८२मध्ये हे एका संगीतिकेची सुरुवात म्हणून आलं, कोळ्याची मुलगी काम करता करता ते गुणगुणते, चाल अगदी साधी आणि दर कडव्याला तीच. १८१५मध्ये अठरा वर्षांच्या शुबर्ट या संगीतकाराने त्याचं जे केलं ते सगळ्या जगाला माहीत आहे. पियानोवर न थांबणाऱ्या टापा, एकाच गायकाच्या गळ्यात निवेदक, बाप, मूल आणि तो आवाज, आणि संगीत पुढे पुढे बदलत जाणारं. ते थोर आहेच. पण माझ्या व्याख्येत मी त्याला बॅलडवर रचलेलं संगीत म्हणतो, बॅलड नाही. बॅलडमध्ये चाल गोष्टीला रडून दाखवत नाही. खून झाला तरी चाल तीच, लग्न झालं तरी तीच, आणि त्या न बदलणाऱ्या चालीमुळेच अंगावर काटा येतो.

यातूनच संथ प्रेमगीताच्या प्रश्नाकडे येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत दिवाणखान्यात पियानोवर गायच्या हळव्या गाण्यांना बॅलड म्हणू लागले. त्यांत आधी गोष्ट असायची, तीन लांब कडवी आणि प्रत्येकामागे ध्रुवपद. १८९२च्या सुमारास गाजलेलं 'आफ्टर द बॉल' तसं आहे. एक म्हातारा लहान मुलीला आपण लग्न का केलं नाही ते सांगतो. हळूहळू कडवी आखूड होत गेली, लोकांना ध्रुवपदच हवं होतं, आणि विसाव्या शतकात बत्तीस मात्राखंडांचं ध्रुवपद म्हणजेच गाणं झालं. गोष्ट गेली, भाव आणि संथ लय उरली, नाव मात्र तेच राहिलं. जॅझ आणि रॉकवाले बॅलड म्हणतात ते या वाटेने आलेलं. त्यांचा वापर चुकीचा म्हणायचं कारण नाही, तो एका हयात असलेल्या भाषेतला रूढ अर्थ आहे. मात्र जुन्या अर्थाचं बॅलड लोकप्रिय गाण्यांत संपलं असंही नाही. बॉबी जेंट्रीचं १९६७चं 'ओड टू बिली जो' ऐका. घरचे जेवायला बसलेत, एकमेकांना पदार्थ पुढे करता करता कुणीतरी सांगतं की अमक्या मुलाने पुलावरून उडी टाकली. तो आणि या घरच्या मुलीसारखी दिसणारी कुणी पुलावरून काहीतरी खाली टाकताना दिसले होते. काय टाकलं, शेवटपर्यंत कळत नाही. मुलगी जेवत नाही, एवढं आईच्या लक्षात येतं. हे अस्सल बॅलड आहे, पॅट्रिक स्पेन्सच्या सख्ख्या नात्यातलं.

आणि पोवाडा. हॅरी अ‍ॅकवर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१मध्ये जुने पोवाडे जमवून छापले, आणि तीन वर्षांनी अ‍ॅकवर्थने त्यातल्या निवडक पोवाड्यांचं इंग्रजी पद्य काढताना त्यांना मराठ्यांची बॅलड्स म्हटलं. तेव्हापासून ही जोडी जमली ती जमलीच. नातं आहे यात शंका नाही. घडलेली घटना, गाऊन सांगणं, समोर जमलेले लोक, पिढीजात गाणारे. अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा १६५९च्या घटनेचा, तुळशीदासाचा सिंहगडाचा. पण पोवाड्याची ताकद बॅलडच्या नेमकी उलट्या बाजूला आहे. शाहीर गाळत नाही, तो भरतो. सरदारांची नावं, घोडी, हत्यारं, कुणी कुठून कूच केलं, सगळं तो घोळवून घोळवून सांगतो. तो बाजू घेतो, उघडपणे, छाती काढून. शेवटी स्वतःचं नाव गुंफतो. मागे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत त्याला उचलून धरतात, डफ-तुणतुणं लय चढवतात, मध्येच तो गद्यात बोलतो, चाल बदलतो. ऐकणाऱ्याचं रक्त सळसळावं हा त्याचा हेतू आहे आणि तो तो साधतो. बॅलड गाणारा डोळे मिटून, चेहरा कोरा ठेवून खून सांगतो. दोन्ही गाऊन सांगितलेल्या गोष्टीच, पण एकाच्या फुटपट्टीने दुसऱ्याला मोजलं की अन्याय होतो. पोवाड्यात सूचकता नाही म्हणून नाक मुरडणारे मी पाहिलेत, आणि बॅलड थंड वाटतं म्हणणारेही.

गाणाऱ्यांसाठी थोडं. शिकायला येणारे जवळजवळ सगळे एकच गोष्ट करतात : दुःखाच्या कडव्यावर लय खाली आणतात आणि आवाजात कंप आणतात. ते सोडा. लय हलू देऊ नका. 'लॉर्ड रँडल' गाताना आई आणि मुलगा यांच्यात फरक करायला आवाज बदलायची गरज नाही, आईचा प्रश्न थोडा पुढून घ्या आणि मुलाचं उत्तर अर्धा श्वास उशिरा, बस्स. पालुपद दरवेळी तसंच म्हणा, अगदी तसंच, म्हणजे बदलतं तेव्हा ते आपोआप ऐकू येईल. पाठ करताना ओळी पाठ करू नका, चित्रांची रांग पाठ करा : राजा आणि वाइन, वाळू आणि पत्र, चंद्र, जोडे, टोप्या, पंखे, कंगवे, तळ. शब्द एखादा इकडेतिकडे झाला तरी चालतो, परंपरेने तेच केलंय. चित्र गळलं तर मात्र गोष्ट लंगडी होते. वाद्य असेल तर एकच धरा आणि ते आवाजाच्या मागे ठेवा.

मराठीत नवं बॅलड लिहिता येईल का, असंही लोक विचारतात. येईल. छंद इंग्रजीचा उसना घेऊ नका, आपल्याकडे आघातांवर पद्य चालत नाही. ओवी घ्या किंवा एखादा छोटा मात्रावृत्तातला साचा, ज्याचा शेवटचा चरण आखूड पडतो. गोष्ट शेवटाच्या इतकी जवळ सुरू करा की मागे वळून सांगायला जागाच राहू नये. सोळा-सतरा कडवी लिहा आणि मग कारण सांगणारं प्रत्येक कडवं काढून टाका. 'म्हणून', 'कारण', 'तेव्हापासून' असे शब्द जिथे सापडतील तिथे बहुधा एक कडवं जास्त आहे. विशेषणं रूढ, सगळ्यांच्या तोंडची ठेवा. जुन्या बॅलडमधला घोडा दुधासारखा पांढराच असतो आणि हात लिलीच्या फुलासारखेच, आणि ऐकणाऱ्याला तिथे विसावा मिळतो, कारण खरं लक्ष पुढच्या वाक्याकडे द्यायचं असतं. माणसांना बोलू द्या, पण आपल्याला काय वाटतंय हे त्यांना सांगू देऊ नका. मग कागद बाजूला ठेवून दोन-तीन जणांना गाऊन दाखवा आणि आठवड्याने त्यांनाच गोष्ट सांगायला लावा. त्यांना जे आठवेल ते ठेवा, बाकीचं पुन्हा लिहा.